गाण्याच्या आवडीवरून लैंगिक कल ठरतो का, की कलावरून आवड?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि मगच उत्तर लिहायला बसले. तुम्ही लिहिता की तुमचे वय २६ आहे, नोकरी हिंजवडीत आहे, आई-वडिलांबरोबर कोथरूडला राहता आणि आपण समलिंगी आहोत हे गेल्या वर्षी तुम्ही दोन जवळच्या मित्रांना सांगितले. त्यांच्या ओळखीने तुम्ही ज्या नव्या मित्रमंडळात जाऊ लागलात, तिथे पाश्चात्त्य पॉप गायिका, जुन्या हिंदी चित्रपटांतली कॅबरे गाणी आणि लावणी यांवर सगळे जीव टाकतात. तुम्हाला मात्र पंडित भीमसेन जोशींचे अभंग आवडतात, हेवी मेटल प्रकारचे रॉक संगीत आवडते आणि गणपतीत तुम्ही पथकात ताशा वाजवता. एकदा तिथे कोणीतरी हसत म्हणाले, "तू कसला गे?", आणि ते वाक्य तुमच्या डोक्यातून जात नाही. म्हणून तुम्ही विचारता की लैंगिक कलाचा संगीताच्या आवडीवर परिणाम होतो का, होत असेल तर तो तुमच्यावर का झाला नाही, आणि येत्या रविवारी त्या मंडळात गाणी लावण्याची पाळी तुमची आहे, तर काय लावावे.

यातला पहिला प्रश्न अभ्यासाचा आहे आणि त्याचे उत्तर मी देईनच. परंतु मला ऐकू आला तो प्रश्न वेगळा आहे. आपण जे आहोत ते खरेच आहोत का, याचा पुरावा म्हणून आपल्या आवडीनिवडी दाखवाव्या लागतात का, आणि पुरावा जुळला नाही तर स्वतःविषयीची समजच चुकली असे मानायचे का, हे तुम्हाला विचारायचे आहे, असे मी धरून चालते.

मी गेली २२ वर्षे पुण्यात समुपदेशनाचे काम करते आणि त्याआधी ११ वर्षे गुरूंकडे ख्याल शिकले आहे. या दोन्हींमुळे मला एक सवय लागली. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत मी समोरच्या व्यक्तीला पाच गाणी लिहून आणायला सांगते, आणि तीही चारचौघांत आवडतात म्हणून सांगितली जातात ती नव्हेत, तर एकटे असताना ऐकली जातात ती. त्या याद्या मी त्यांच्या परवानगीने एका वहीत उतरवून ठेवते. खाली ज्या व्यक्तींचे दाखले दिले आहेत त्यांचे तपशील मी बदलले आहेत. शिवाय माझ्याकडे येणारी माणसे ही सगळ्या समाजाचे प्रतिनिधित्व करत नाहीत, कारण ज्यांचे बरे चालले आहे ती सहसा येतच नाहीत. ही मर्यादा लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

माझे मत थोडक्यात असे आहे की कल कोणाला एखादा राग, एखादे वाद्य किंवा एखादी लय आवडायला लावत नाही. कलामुळे माणसाच्या वाट्याला जे जगणे येते, म्हणजे काय लपवावे लागते, कोणाची सोबत मिळते, कोणत्या गाण्यात स्वतःला ठेवता येते, त्याचा ठसा ऐकण्यावर उमटतो. हे जगणे प्रत्येकाचे वेगळे असते, म्हणून ठसाही वेगळा असतो, आणि काहींच्या बाबतीत तो जवळजवळ नसतोच.

आवड कशी घडते याविषयी मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिले की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली की केवळ त्या परिचयानेच ती आवडू लागते. २०१६ साली जॉश मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध न आलेल्या या लोकांना सुसंवादी (आपल्याला गोड वाटणारे) आणि विसंवादी (आपल्याला खटकणारे) स्वरमेळ सारखेच सुखद वाटले. ज्या गोष्टीला आपण कानाचा उपजत धर्म समजतो, तीसुद्धा बऱ्याच प्रमाणात ऐकून ऐकून घडलेली असते, असा त्याचा अर्थ होतो. त्यात वयाचा भाग मिळवा. दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत ठळक राहतात आणि त्या काळात, विशेषतः किशोरवयात, कानावर पडलेली गाणी आयुष्यभर साथ करतात. तुमच्या घरी पहाटे अभंग लागत असतील, कॉलेजात कोणी मेटल ऐकवले असेल आणि तुमच्या वाड्यातली किंवा सोसायटीतली मुले पथकात जात असतील, तर तुमच्या तिन्ही आवडींचा उगम मला तिथे दिसतो, आणि तो शोधण्यासाठी कलापर्यंत जाण्याची गरजच पडत नाही.

माणसाचा स्वभाव आणि संगीताची आवड यांचे नाते घट्ट असेल, असे आपल्याला सहज वाटते. परंतु अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली जो आढावा प्रसिद्ध झाला त्यात हे नाते अगदी क्षीण निघाले. स्वभावासारख्या, दिवसभर वागण्यात दिसणाऱ्या गोष्टीवरून जर आवडीचा अंदाज नीट बांधता येत नसेल, तर कोणाविषयी आकर्षण वाटते एवढ्या एका गोष्टीवरून तो कसा बांधणार?

आता उलट बाजू पाहू, कारण "तू कसला गे?" या वाक्यात आवडीवरून कल ओळखण्याचा दावा आहे. काही वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा दार लावून ठुमऱ्या आणि लावण्या ऐकत असे, कधी आरशासमोर अदा करून पाहत असे, आणि त्यावरून नातेवाइकांनी कुजबुज सुरू केली होती. मी त्यांच्यासमोर कागदावर एक हिशोब मांडला. त्यातले आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत, हे आधीच सांगते. समजा १,००० मुलगे आहेत आणि त्यांतले ५० समलिंगी आहेत. समजा समलिंगी मुलांमध्ये लावणी आवडण्याचे प्रमाण इतरांच्या दुप्पट आहे, म्हणजे त्यांच्यात ४० टक्के आणि इतरांत २० टक्के. मग लावणी आवडणारे समलिंगी मुलगे झाले २० आणि लावणी आवडणारे इतर मुलगे झाले १९०. लावणी आवडणाऱ्या २१० मुलांपैकी समलिंगी फक्त २०, म्हणजे दहातला एकसुद्धा पुरता नाही. दुप्पट फरक गृहीत धरूनही लावणीवरून कल ओळखू पाहणारा माणूस दहांपैकी नऊ वेळा चुकेल. आणि याच हिशोबात ५० समलिंगी मुलांपैकी ३० जणांना लावणी आवडतच नाही, म्हणजे तुमच्यासारखे बहुसंख्य आहेत. त्या आईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांचा मुलगा पुढे कोण निघाला हे मी इथे लिहिणार नाही, कारण तेव्हा त्याला हवी होती ती एवढीच गोष्ट, की आरशासमोरच्या अदेवरून कोणी त्याचा निकाल लावू नये.

यात आणखी एक गफलत नेहमी होते. आकर्षण कोणाविषयी वाटते ही एक गोष्ट आणि पुरुषाने कसे चालावे, बोलावे, काय आवडून घ्यावे याविषयीचे समाजाचे नियम ही दुसरी. मुलाने नाजूक गाण्यावर जीव टाकला की त्याला "बायकी" म्हणतात, आणि बायकी म्हणजे समलिंगी असे पुढचे पाऊल न विचार करता टाकले जाते. ज्याने एक मोठा नियम आधीच मोडला आहे त्याला आवडीनिवडींचे छोटे नियम मोडणे कधी कधी सोपे जाते, आणि तुमच्या मंडळातल्या मित्रांना लावणीवर मनमोकळे प्रेम करता येते यामागे ही सुटका असू शकते. त्या सुटकेचा आनंद मला खरोखर मोलाचा वाटतो. मात्र तिचा नवा नियम झाला, की जे दडपण त्यांनी स्वतः सोसले तेच ते तुमच्यावर टाकतात.

आता माझ्या वहीत मला जे सर्वांत ठळकपणे दिसले आहे त्याकडे येते, आणि ते आपल्या भाषेशी निगडित आहे. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग उघड करते. मी गेलो, मी गेले. मी येतो, मी येते. ज्याच्याशी बोलायचे त्याचेही तसेच आहे: तू आलास, तू आलीस. प्रेमाच्या गाण्यात या क्रियापदांपासून सुटका नसते. मुलगा मुलाविषयी जे वाटते ते गुणगुणू पाहतो तेव्हा त्याला एक तर स्त्रीचे क्रियापद तोंडी घ्यावे लागते, नाही तर समोरच्याला स्त्री करावे लागते.

२०१८ च्या आधीची गोष्ट आहे, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विषयी निकाल देण्यापूर्वीची, जेव्हा माझ्या खोलीतसुद्धा माणसे दाराकडे पाहून बोलत. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा येत असे. त्याच्या यादीत स्त्रीच्या आवाजातले एक जुने भावगीत होते. ते गुणगुणून दाखव म्हटल्यावर त्याने छान सुरुवात केली, पण ओळीच्या शेवटी क्रियापद आले की त्याचा आवाज बुडायचा. सूर पुढे जायचा आणि शब्द मात्र गिळला जायचा. तीनदा असे झाल्यावर मी विचारले. शाळेच्या गॅदरिंगच्या तालमीत त्याने अकराव्या वर्षी "आले" असे म्हटले होते, शिक्षकांनी सगळ्यांसमोर "आलो म्हण" असे दटावले होते आणि वर्ग हसला होता. मी उठून दार लावले आणि म्हटले, आता जसे आहे तसे म्हण. त्याने "आले" पूर्ण श्वास देऊन म्हटले. गाणे दोन-तीन मिनिटांचेच होते. त्यानंतर तो पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बराच वेळ बसून राहिला. ते गाणे त्याला का आवडत होते याचे एक उत्तर त्याच्या कलात होते, हे मी नाकारणार नाही. परंतु ती चाल, तो ठेका, तो आवाज त्याला आवडला होता तो त्याची आई ते गाणे स्वयंपाक करताना म्हणत असे म्हणून.

दुसरा दाखला चाळिशीतल्या एका बाईंचा आहे. त्यांना स्त्रियांविषयी आकर्षण वाटते हे त्यांनी लग्नानंतर कित्येक वर्षांनी स्वतःशी मान्य केले. त्यांच्या पाच गाण्यांपैकी चार नाट्यपदे होती, तीही माहेरच्या संस्कारातली, आणि पाचवे एक इंग्रजी प्रेमगीत होते, जे त्या ऑफिसातून परतताना स्कूटरवर, हेल्मेटच्या आत इअरफोन लावून ऐकत. इंग्रजी संगीत एरवी आवडत नाही असे त्यांनीच सांगितले होते, म्हणून हेच का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "त्यात नुसते 'यू' आहे हो. ते कोणालाही म्हणता येते." इंग्रजी गाण्यातले 'आय' आणि 'यू' लिंग सांगत नाहीत. पुण्यातली कितीतरी तरुण मुले-मुली प्रेमासाठी इंग्रजी गाण्यांकडे वळतात याला शिक्षण, मोबाइल, मित्र अशी अनेक कारणे आहेत. त्यांत काहींच्या बाबतीत हे एक कारण असते आणि ते ती सहसा बोलून दाखवत नाहीत. उर्दू गझलेत प्रिय व्यक्तीचा उल्लेख परंपरेने पुल्लिंगी होतो, आणि माझ्या वहीतल्या काही पुरुषांनी गझल आवडण्याचे तेही एक कारण सांगितले आहे.

तरीही यावरून नियम काढण्याची घाई करू नये, कारण आपल्या परंपरेत पुरुषाने स्त्रीचे क्रियापद उच्चारणे मुळीच दुर्मीळ नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आणि एकनाथांच्या गौळणी गोपीच्या तोंडच्या आहेत आणि त्या शतकानुशतके मिशीवाले वारकरी टाळ कुटत म्हणत आले आहेत. ठुमरीतली नायिका भल्याभल्या खाँसाहेबांनी गायिली. शाहिरांनी लावण्या लिहिल्या त्या बाईच्या मनात शिरून. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) स्त्रीभूमिका करताना जी पदे गायिली त्यांवर अवघा महाराष्ट्र लुब्ध होता, स्त्रिया त्यांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल करत, आणि १९६८ साली पुण्याने आपल्या रंगमंदिराला त्यांचेच नाव दिले. त्या रसिकांमध्ये वेगवेगळा लैंगिक कल असलेली माणसे असणारच. त्यांच्या आवडीवरून त्यांचा कल सांगायचा तर निम्म्या महाराष्ट्राविषयी काहीतरी विचित्र विधान करावे लागेल.

तुमच्या मित्रमंडळाची आवड कुठून आली हेही पाहायला हवे, कारण ती खोटी किंवा उसनी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. सोबतीतून आवड घडते. अमेरिकेत १९७० च्या दशकात डिस्को वाढले ते न्यूयॉर्कच्या क्लबांत, जिथे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी लोकांना निर्धास्तपणे नाचता येत असे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला गेला, आणि त्यामागच्या द्वेषात संगीताबरोबर माणसांविषयीचाही द्वेष होता, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. पुढे त्याच शहरात वेअरहाउस नावाच्या क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स जे वाजवत त्या नृत्यसंगीताला क्लबच्या नावावरून 'हाउस' हे नाव रूढ झाले. या माणसांचा कान जन्मतः डिस्कोसाठी घडलेला नव्हता. जिथे त्यांना हाकलून दिले जात नव्हते तिथे जे संगीत वाजत होते ते त्यांचे झाले. पुण्यात २०११ साली पहिली अभिमान पदयात्रा (प्राइड) निघाली तेव्हापासून इथेही अशा जागा हळूहळू तयार झाल्या आहेत, आणि तुमच्या मित्रांची गाणी ही त्यांच्या पहिल्या मोकळ्या संध्याकाळींची गाणी असावीत. तुम्ही तिथे उशिरा पोहोचलात आणि पोहोचताना तुमच्याजवळ तुमची गाणी आधीच होती, एवढाच काय तो फरक आहे.

मेटल हे 'पुरुषी' आणि म्हणून भिन्नलिंगी लोकांचे संगीत, असा जो समज तुमच्या प्रश्नात डोकावतो त्याचेही उत्तर इतिहासातच आहे. ज्यूडस प्रीस्ट या मेटल बँडचे गायक रॉब हॅलफर्ड यांनी १९९८ साली आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. काळे चामडे आणि धातूचे खिळे हा मेटलचा जो पोशाख जगभरच्या मुलांनी उचलला तो रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. क्वीन या रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे तर आपल्या शेजारचे, पुण्यापासून साधारण १०० किलोमीटरवरच्या पाचगणीच्या निवासी शाळेत शिकलेले आणि तिथेच मुलांचा पहिला बँड काढलेले. त्यांच्या गाण्यांवर स्टेडियममध्ये छाती फुगवून गाणाऱ्या लाखो पुरुषांनी गायकाचा कल विचारून ती आवडून घेतली नव्हती.

आता तुमच्याविषयी. तुमचा कल तुम्हाला कशावरून समजला, असे मी समोर बसून विचारले असते, तर तुम्ही कोणाकडे पाहून मन ओढले गेले, कोणाची आठवण झोपू देत नव्हती, असे काहीतरी सांगितले असते. त्यात ताशाचा किंवा अभंगाचा उल्लेख आला नसता. कल समजण्याचा मार्ग तोच आहे, आणि त्या वेळी जे तुम्हाला कळले ते एका वाक्यामुळे रद्द होत नाही. तुम्हाला स्वतःच्या कलाविषयी खरोखर प्रश्न पडत असतील तर त्यांच्याशी अवश्य थांबा, हवी तर मदत घ्या, त्यात काहीच वावगे नाही. परंतु ते प्रश्न आकर्षणाविषयीचे असू द्या.

एक गोष्ट करून पाहा. तुमची पाच गाणी लिहून काढा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: ते पहिल्यांदा कुठे ऐकले, तेव्हा जवळ कोण होते, आणि आज ते कोणत्या वेळी लावावेसे वाटते. बहुतेक गाण्यांपुढे तुम्हाला घर, रस्ता, मित्र, परीक्षा, आजारपण सापडेल. एखाद्या गाण्यापुढे कदाचित असे काही सापडेल जे तुम्ही समलिंगी नसता तर तिथे नसते, उदाहरणार्थ एखाद्या अभंगातली विठ्ठलाविषयीची ओढ, जी म्हणताना कोणाला स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. सापडले तर ते तुमचेच आहे. नाही सापडले तरी काही बिघडत नाही.

राहिला रविवारचा प्रश्न. तुमचीच गाणी लावा. सुरुवात हॅलफर्ड यांच्या आवाजाने करा आणि ते कोण आहेत हे आधी न सांगता गाणे संपल्यावर सांगा. अभंग जेवणानंतर ठेवा, कारण भीमसेनजींच्या आवाजाला खोलीत थोडी शांतता लागते आणि बोलण्याच्या गलबल्यात तो लावणे तुम्हालाच सहन होणार नाही. सवाई गंधर्व महोत्सवात तुम्ही कधी बसला असाल तर त्या मांडवातली एखादी आठवण सांगा. १९५३ साली भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला हे त्यांच्यातल्या काहींना ठाऊक नसेल. ताशाचे मात्र ध्वनिमुद्रण लावू नका. त्या दोन बारीक काड्या खिशात घालून न्या, टेबलावर एक ठेका धरा, आणि ज्याने ते वाक्य उच्चारले त्याच्या हातात काड्या देऊन त्याला तो वाजवून पाहायला सांगा.